मामांची माया

गाडीचोरीची केस म्हणजे वकीलबाईंच्या हातचा मळ. कोठडीच्या गजांतून आरोपीची वकीलपत्रावर सही घ्यायची, जामिनाचा जुनाच अर्ज नाव बदलून टाकायचा आणि पुढच्या कोर्टाकडे पळायचं. हा आरोपी सही करताना एवढंच पुटपुटला, "मॅडम, त्या गाडीच्या डिकीत काय होतं ते मी पाहिलंय. कुणाचं होतं तेही कळलंय."

"ते मला सांगू नकोस," जांभई दाबत त्या म्हणाल्या. "मला जितकं कमी कळेल तितकं बरं."

त्याचे मामा मात्र लाखात एक. रोज कोर्टाच्या आवारात हजर. बाईंची बॅग उचलायचे, चहा आणून द्यायचे आणि एकच धोशा लावायचे, "भाचा आत सुकत चाललाय हो. काहीही करा, पण त्याला बाहेर काढा." इतका जीव टाकणारा नातेवाईक बाईंनी उभ्या वकिलीत पाहिला नव्हता.

अखेर जामीन मंजूर झाला. पाय भरून आले होते, तरी जिना उतरून त्या स्वतः कोठडीपाशी सांगायला गेल्या.

"संध्याकाळी सुटशील. नशीबवान आहेस बाबा. मामांनी माझ्यामागे तगादा लावला नसता, तर बसला असतास इथंच. तुरुंगाच्या गेटवर गाडी घेऊन थांबणार आहेत ते."

त्यानं गज घट्ट धरले.

"म्हणजे तुम्हाला माझ्यासाठी सरकारनं नेमलं नव्हतं?"

"छे. मामांनी."



"मॅडम, माझी आई एकुलती एक आहे."