साखरा अनिच्चा

डब्यात बेसनाचे अकरा लाडू होते, आणि शुगर निघाल्यामुळे पंचफुलाबाईंचं गोड बंद होऊन नऊ दिवस झाले होते. त्यांनी चार वेळा डबा उघडला, चारही वेळा नुसता वास घेऊन बंद केला आणि डोळे पुसत विहार गाठला.

प्रवचनात भंतेजी म्हणाले, "संखारा अनिच्चा." बाईंचा चेहरा एकदम उजळला. घरी येताच त्यांनी नवऱ्याला, म्हणजे निवृत्त गणवीर गुरुजींना, गाठलं.

"अहो, तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. साखरा अनिच्छा! साखरेची इच्छाच धरायची नाही. आता लाडवाकडे बघावंसंही वाटत नाही मला."

"साखरा नव्हे गं, संखारा! म्हणजे घडवलेली प्रत्येक गोष्ट. आणि अनिच्चा म्हणजे ती टिकत नाही."

"मग लाडू काय आभाळातून पडले? मीच तर वळलेत!"

गुरुजींनी डब्याचं झाकण उघडून लाडू मोजले.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले.

आठवड्याने नातीने दोघांचीही बोटं टोचून साखर मोजली. पंचफुलाबाईंची एकशे अठरा. गुरुजींची दोनशे चौऱ्याण्णव. डब्यात लाडू शून्य.