तळ्यावरची बाई

तय्यब गुणगुणत जिना उतरला आणि कणीक मळणाऱ्या हनियाचा हात थांबला.

मासे धरायला निघालेला तय्यब कधी गुणगुणत नसे. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यानं मेकनेस शहराच्या चौकात गोष्टी सांगणं सोडलं. तेव्हापासून आठवड्यातून एक-दोनदा तो शेअर टॅक्सीनं डोंगरातल्या तळ्यावर जायचा. जायचा तोही थंडीच्या नावानं बोटं मोडत.

"धुतलेला झगा घातलात," हनिया म्हणाली.

"तूच धुतलास ना, लाला हनिया." लाला म्हणजे बाईसाहेब; तो तिला नेहमी तसंच म्हणायचा.

"माशांना काय कळतंय त्यातलं?"

तो नुसता हसला. फडक्यात बांधलेली गरम रोटी त्यानं तिच्या हातून घेतली आणि गळाची काठी खांद्यावर टाकली. दाराजवळच्या खोलीत जिलाली चामड्याचे जोडे शिवत बसला होता.

"आज लवकर?" जिलालीनं विचारलं.

"मासे लवकर उठतात बाबा."

दार लागलं. जिलालीनं आत पाहून विचारलं, "चहा मिळेल का?"

"ठेवते," हनिया म्हणाली, आणि विसरून गेली.

एके काळी तय्यब तेतुआनपासून वाळवंटाच्या कडेच्या बाजारांपर्यंत भटकला होता. त्यानं गोष्ट अर्ध्यावर सोडली की माणसं उन्हात तशीच उभी राहायची. आता अंगणातल्या लिंबाखाली मसूर निवडत बसलेली हनिया हीच काय ती त्याची गर्दी. मासा हाताएवढा आणि गोष्ट मात्र संध्याकाळभर. बगळ्यानं आमिष कसं पळवलं, माकडानं रोटी चोरून झाडावर बसून कशी खाल्ली आणि वर मिठासाठी हात कसा पुढे केला. निम्मं खोटं असायचं, हे तिला कळत होतं. पण ते खोटं फक्त तिच्यासाठी रचलेलं असायचं.

या हिवाळ्यात ते थांबलं. तळ्यावरून आला की "वारा फार होता" एवढंच म्हणून तो वर जायचा.

त्या दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना शेजारची बातूल म्हणाली, "तुमच्या घरचा गोष्टीवाला रंगात आलाय हल्ली."

"म्हणजे?"

"माझ्या दिरानं बघितलं. तळ्यावर हिरवा रुमाल बांधलेली बाई होती बरोबर. चांगली हसत होती म्हणे."

"गळ टाकलेला बघायला थांबतात लोक."

"बघत कुठे होती? काठी तिच्याच हातात होती."

हनियानं ओली चादर इतकी पिळली की तिची बोटं पांढरी पडली. तिनंही एकदा तळ्यावर यायचं म्हटलं होतं. तो म्हणाला होता, तिथले दगड निसरडे आहेत, बायकांचं काम नाही.

पुढच्या वेळी तय्यब निघाल्यावर तिनं थोडा वेळ जाऊ दिला, मग झगा चढवला.

"बहिणीकडे जाऊन येते," ती दारात म्हणाली.

जिलालीनं मान वर केली. "डोंगरात थंडी असेल. शाल घे."

बहीण डोंगरात राहत नाही, हे तिच्या टॅक्सीत बसल्यावर लक्षात आलं. पण तेव्हा तिला जिलालीचा विचार करायला सवड नव्हती.

तळ्याकाठी देवदारांच्या सावलीत ते दोघं बसले होते. बाई चाळिशीची, भरल्या अंगाची. काठी तिच्या हातात होती आणि तय्यब तिचं मनगट धरून दोरी सैल कशी सोडायची ते दाखवत होता. हनिया झाडामागे थांबली. वाऱ्यावर त्याचा आवाज आला, चौकातला, भरलेला.

"...आणि झाडावर बसून रोटी खाता खाता त्यानं मिठासाठी हात पुढे केला."

बाई खळखळून हसली.  त्यानं तिचा हात धरल्याचं हनियाला एवढं लागलं नाही, पण माकड तिचं होतं.

ती झाडामागून पुढे आली.

तय्यब दचकला नाही. उलट त्याचा चेहरा उजळला. "लाला हनिया! बरं झालं आलीस. ही शामा."

"दिसतंय."

"तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," शामा उठून म्हणाली. "तुमच्या हातच्या रोटीबद्दल तर दर खेपेला."

"रोटी तुम्हीही खाता वाटतं त्यातली."

शामा ओशाळली. तय्यबनं खाली पाहत दोरी गुंडाळली. "तुला सांगणारच होतो. येत्या शुक्रवारी निकाह आहे. तू नसलीस तर मला ते खरं वाटणार नाही."

"मी स्वयंपाकही करायचा असेल."

"तुझी इच्छा असेल तर."

"आणि राहणार कुठे?"

"इथेच, तळ्याजवळच्या गावात. शामाचं घर आहे. वरची खोली मोकळी करून देतो."

"आणि माझं..." तिनं शब्द गिळला. "आणि घर?"

"घर तुझंच आहे, हनिया. नेहमीच होतं."

तिला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं. हाताशी शालीखेरीज काही नव्हतं. ती तशीच वळली. शामा मागून म्हणाली, "निदान चहा तरी..." पण ती थांबली नाही. टॅक्सीत खिडकीशी बसून ती रडली, आणि चालकानं आरसा दुसरीकडे वळवला.

घरी आली तेव्हा ऊन गच्चीवरून उतरत होतं. जिलालीनं शिवण आवरून ठेवली होती. अंगणात चहाची किटली होती, त्यानंच केलेला चहा, आणि दोन पेले.

"भेटला तय्यब?" त्यानं विचारलं.

तिनं शाल काढली नाही. "तुम्हाला माहीत होतं."

"बस आधी. गार पडली आहेस."

"शुक्रवारी लग्न करतोय. कुठून आली ही बाई? कुणी घातली त्याच्या डोक्यात?"

जिलालीनं तिच्या पेल्यात चहा ओतला. साखर विरघळेपर्यंत तो ढवळत राहिला.

"मी," तो म्हणाला. "नवरा आहे मी तुझा, हनिया. भाडेकरूशी भांडायचं वय राहिलं नाही, म्हणून त्याच्यासाठी बायको शोधली."