दारुमाचा दुसरा डोळा

पौर्णिमा जपानमधल्या एका वृद्धाश्रमात काम करते. तिथल्या आज्यांच्या डोळ्यांत ती रोज थेंब घालते, पण मेडशी गावी राहणाऱ्या तिच्या आईचं, वच्छलाबाईंचं, वाशिमला डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला सुट्टी मिळाली नाही. मोतीबिंदू फार पिकला होता. नजर येईल अशी खात्री डॉक्टर देत नव्हते. मागच्या सुट्टीत तिने घरी लाल दारुमा बाहुली नेली होती. तिकडे मनात इच्छा धरून दारुमाचा एक डोळा रंगवतात. इच्छा पुरी झाल्याशिवाय दुसरा रंगवत नाहीत. आईच्या नजरेसाठी, तिला न सांगता, पौर्णिमाने एक डोळा रंगवून बाहुली बुद्धमूर्तीशेजारी ठेवली होती. आज पट्टी निघाल्यावर आईचा व्हिडिओ कॉल आला. दिसतं का, हे विचारायचा धीर होईना, इतक्यात आईच्या मागे दारुमा दिसला. त्याला दोन डोळे होते. पौर्णिमाने दचकून विचारलं, "माय, हे कोनं केलं?" "मी केलं. तुले दुकानदारानं फसवलं वं. एकच डोळा देल्ला बिचाऱ्याले. मले तवा दिसलंच नाई. आज घरी आली, त पाह्यते, हा तसाच बसून. मंग लेकराले लावते तसं काजळ घेतलं अन् दुसरा काढला." पौर्णिमा त्या काजळाच्या डोळ्याकडे पाहत होती. "रागावली काय? पुसून टाकू?" "नको, माय. राहू दे," म्हणत पौर्णिमाने फोन तोंडासमोरून बाजूला धरला. आईला आता सगळं दिसत होतं.