आनंदची पाळी

खट्ट.

पेटीचा खटका वाजला आणि स्वरूपाच्या हातातली पोळी हातातच राहिली. नऊ महिन्यांत त्या घरात हा आवाज झाला नव्हता.

सहा वर्षांची ओवी पलंगाखालची पेटी ओढून बसली होती. आत आनंदचा ट्रम्पेट. "बाबांचा पण न्यायचा ना? मास्तरआबांचा वाढदिवस आहे."

स्वरूपाने पेटी बंद केली, पण परत पलंगाखाली सारणं तिला जमलं नाही.

बारामतीहून इंदापूरपर्यंत एसटीत ओवीने ती मांडीवरच धरली. कारखाने नुकतेच सुरू झाले होते. उसाची ट्रॉली दिसली की स्वरूपा डोळे मिटून घ्यायची. मागच्या हंगामात अशाच एका, मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीला आनंदची गाडी धडकली होती.

सर्जेराव मास्तर तरुणपणी वीस वर्षं मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवून इंदापूरला परतले होते. पोटासाठी लग्नाचा बँड आणि दर गुरुवारी जीव ओतून जॅझची शिकवणी. आनंद आणि स्वरूपा तिथेच शिकले, तिथेच एकमेकांना सापडले. जॅझमध्ये एकेकाला एकट्याने, मनाप्रमाणे वाजवायची पाळी येते; त्यात मास्तरांचा नियम एकच. "ज्याची पाळी, त्याचं रान. बाकीच्यांनी नुसता ताल धरायचा. दुसऱ्याच्या रानात शिरायचं न्हाय."

आता मास्तर एक्क्याऐंशीचे. सकाळचं संध्याकाळी आठवत नसे. आनंदचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्याबरोबरच शिकलेल्या जोतीरामने स्वरूपाला फोनवर बजावलं होतं, "वहिनी, सत्काराच्या दिवशी तरी नको. आनंदाच्या पाळीला मीच सॅक्सोफोन वाजवतो. कळायचं न्हाय त्यांना."

हॉलमध्ये जुने शिष्य जमले होते. शाल पांघरून झाली, हातात नारळ आला. "नारळ कशाला रं? चावायला दात कुठं हायत?" मास्तर म्हणाले आणि सगळे हसले. मग त्यांचं लक्ष स्वरूपाकडे गेलं.

"आलीस पोरी? आनंदा कुठं हाय?"

"मागनं येतायत, आबा."

इतकं सहज निघालं तोंडातून की क्षणभर तिनेच दाराकडे पाहिलं.

वाजवायला बसले. मास्तरांची आवडती संथ चाल. आधी जोतीराम, मग आनंद, मग स्वरूपा, हा क्रम बारा वर्षांचा. आनंद जिथे सूर सोडेल, तिथूनच तिने उचलायचा. नऊ महिने क्लॅरिनेटला तिचे ओठ लागले नव्हते. जोतीरामची पाळी संपली. ठरल्याप्रमाणे त्याने श्वास घेतला आणि पुढेही वाजवू लागला.

मास्तरांचा हात वर झाला.

"जोतीराम, थांब. हे रान तुझं न्हाय."

सॅक्सोफोन गप्प झाला. उरला तो ड्रमवर फिरणाऱ्या तारांच्या ब्रशचा हलका ताल. मास्तरांनी डोळे मिटले. खुर्चीच्या हातावर त्यांचं बोट मात्रा मोजू लागलं. सुरुवातीलाच ते गालात हसले. आनंदची जुनी खोड होती, पहिला सूर जरा उशिरा घ्यायची. मग मान डोलू लागली. मध्येच एकदा भुवई उंचावली, कुणीतरी अवघड जागा सहज पार केल्यासारखी. बत्तीस मात्रा पुऱ्या झाल्या.

"वा, आनंदा!"

त्यांनी डोळे उघडले. ते ओले होते. त्यांना काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, स्वरूपाला कळेना. त्यांनी तिच्याकडे बोट केलं.

"हं पोरी. उचल आता."

तिने क्लॅरिनेट ओठांना लावलं. कुठून उचलायचं?

शेजारी पेटी कवटाळून बसलेल्या ओवीने तिचा पदर ओढला.

"आई, मास्तरआबांना बाबांचं ऐकू आलं. तुला नाही आलं?"