दुखावणारी ओळ

‘आपला जिल्हा’ प्रकल्पाची वही उद्या शाळेत द्यायची होती आणि मुक्ताने इतिहासात एकच वाक्य लिहिलं होतं: ‘येथे पूर्वी लोक राहत असत.’

“एवढाच इतिहास?” हेमलता वैतागली.

“आई, सरकारी संकेतस्थळावर तेवढाच उरलाय. वाचणाऱ्या कुणाच्याही भावना दुखावल्या, की वाचताना मनगटावर बांधावी लागते त्या पट्टीला कळतं आणि ती ओळ सगळ्यांसाठीच जाते. काल पर्जन्यमान गेलं.”

“पावसाने कुणाच्या भावना दुखावल्या?”

“दुष्काळी तालुक्यांच्या.”

“मग जिल्हा परिषदेची कामं लिही.”

“ते पान पहिल्याच दिवशी कोरं झालं.”

हेमलताने चिडून पट्टी स्वतःच्या मनगटावर चढवली आणि टॅबलेट ओढून घेतला. भूगोलाच्या पानावर तळाशी एक ओळ शिल्लक होती: ‘धरणाच्या पाण्याखाली वेळूशेत हे गाव गेले.’

तिचं माहेर. कुठल्याच नकाशात आता हे नाव नव्हतं.

“हे लिही, पटकन,” ती म्हणाली.

मुक्ताने ‘वेळू’पर्यंत लिहिलं, तोवर पट्टी थरथरली. पडद्यावर अक्षरं आली: ‘आपल्या भावना दुखावणारी ओळ काढून टाकली आहे. तसदीबद्दल क्षमस्व.’