जात्यावरची आई

“वहिनी, थिनर ठेव खाली! रेझिन विरघळेल, आईचा चेहराच जाईल!”

दादा गेला, मागं राहिली त्यानं रेझिनमध्ये घडवलेली ही बोटभर आई, जात्यावर ओवी गाणारी. दिवाळीला उजळावी म्हणून वहिनीनं तिला ऑइलपेंट दिला आणि नाक-डोळे पार बुजले.

नणंदेनं खिडक्या उघडल्या, हातमोजे चढवले. आधी मूर्तीच्या तळाला थेंबभर स्पिरिट लावून पाहिलं, मगच ती स्पिरिटच्या बरणीत बुडवली. तासाभरानं मऊ टूथब्रश हळूहळू फिरवू लागली. वहिनी पदर चावत बसली.

रंग सुटला. जात्याचा खुंटा दिसला, बांगड्या दिसल्या, मग किंचित उघडे ओठ.

“गातेय गं अजून!” वहिनी रडता रडता हसली.

“गाणारच. सुनेनं तोंडाला रंग फासला, त्यावरच ओवी रचली असेल!”