ड्रॉपरभर कोळंबी

“ताई, हा मासा लाजाळू हाय. बाकीचे झडप घालतेत, हा उपाशी राहील. याला वेगळं चारा,” नांदेडच्या दुकानदारानं बजावलं होतं. “भूक लागली की खाईल,” म्हणत मी त्याला घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडलं. आठवड्यात त्याचं पोट खपाटीला गेलं. लेकीनं काचेला नाक लावून विचारलं, “आई, हा मरणार का?” मी बाकीच्या माशांना एका कोपऱ्यात दाणे टाकून गुंतवलं आणि तिच्या औषधाच्या ड्रॉपरनं कोळंबीचा चुरा त्याच्या तोंडापुढं सोडला. तो बघत राहिला, मग त्यानं एक कण गिळला. लेक नाचायला लागली. सासूबाई हसल्या, “माझ्यावानीच हाय की गं! समद्यांचं जेवून झाल्यावर, उरलं तर!” आज पहिलं ताट त्यांना वाढलं. तुमच्याकडं शेवटी कोण जेवतं? त्यांना विचारू नका, “जेवले” म्हणतील. पातेल्यात डोकावून बघा.